काका, तुमचं नाव घातलंय

नाही, मला एक सांगा, चार खुर्च्या समोरासमोर मांडल्या म्हणजे ग्रुप होतो का? मग दवाखान्याबाहेर बसलेल्यांचाही ग्रुपच म्हणा की! तिथे निदान एकमेकांना विचारतात तरी, ‘तुमचं काय दुखतंय?’ इथे तेही नाही! चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसलोय, चैताली मॅडम फळ्यापाशी उभ्या राहून ओरडतायत, ‘कम ऑन, डिस्कस! टॉक टू ईच अदर!’ आणि तुम्हाला सांगतो, ही मुलं माना खाली घालून मोबाईलवर टकटक, टकटक... आणि माझ्या खिशात टुंग! बघतो तर समोरच्या गंधारचा मेसेज, ‘हाय ऑल, लेट्स डिस्कस.’ अरे, मी हा इथे बसलोय! तुझ्या बुटाला माझी चप्पल लागतीये! तोंड उघड की! मी म्हटलं, ‘गंधार, बोल ना, ऐकतोय मी,’ तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या ताटातली पोळी उचललीये. आणि मग अगदी प्रेमानं, हं, उद्धटपणा अजिबात नाही, अगदी प्रेमानं म्हणाला, ‘काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमचं नाव घातलंय.’

नाव घातलंय! घ्या!

थांबा, आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गृहस्थ पोरांच्या क्लासात करतोय काय. मी अनंत. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, राहायला बिबवेवाडीत. आता रिटायर झाल्यावर माणसानं काय करावं? मी घरात लक्ष घालायला लागलो. म्हणजे काय, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, मोहरी जास्त झाली ते सांगायचं, डबे उंचीप्रमाणे लावायचे... आमची श्यामला, म्हणजे आमची ही, तिनं थोडे दिवस सोसलं आणि मग एकदा शांतपणे म्हणाली, ‘अहो, आपण जरा बाहेर कुठे लक्ष घालता का?’ ‘आपण’ म्हणाली हो! आमच्याकडे ‘आपण’ आलं की माणसानं चपला घालाव्यात. घातल्या. खाली उतरलो तर कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला, बोर्ड. इंग्लिश स्पीकिंग. वयाची अट नाही. आणि खाली बारीक अक्षरात, ‘प्रत्येकाला स्टेजवर बोलण्याची संधी.’

प्रत्येकाला! ते वाचलं आणि माझे पायच हलेनात. रिक्षावाला मागून हॉर्न वाजवतोय, ‘ओ काका, बाजूला व्हा की, मिठाई काय पळून जाती का!’ त्याला काय सांगू? मी मिठाई बघतच नव्हतो. मला माझी पाच मिनिटं दिसत होती. कुठली पाच मिनिटं? तेच तर सांगतोय! त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर शाळेत यावं लागेल, आणि शाळेत जायचं म्हणजे नारायण पेठेत जायचं, आणि तेही ऐंशी सालच्या.

तेव्हा आम्ही नववीत. इंग्रजीला मेहेंदळे सर. हे सर हैदराबादला कसलंसं ट्रेनिंग घेऊन आले, आणि आल्या आल्या वर्गात टाळी वाजवून म्हणाले, ‘आजपासून ग्रुप वर्क!’ आम्हाला वाटलं श्रमदान आहे, आम्ही बाह्या वर केल्या. तर नाही! पहिल्या बाकानं मागे तोंड करून बसायचं, दुसऱ्या बाकानं पुढे, मध्ये एक वही, की झाला ग्रुप. आणि मग बोलायचं! वर्गात! सरांच्या देखत! तुम्हाला कल्पना नाही त्या गोंगाटाची. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन विचारायचे, ‘मेहेंदळे, तुम्ही आत आहात ना?’ आणि आमचे सर घाम पुसत म्हणायचे, ‘इंग्रजी चाललंय.’ इंग्रजी कसलं डोंबलाचं! निम्मा वर्ग क्रिकेटवर भांडत होता. पण बोलत होता हो! तोंडानं! थुंकी उडेपर्यंत!

आमच्या ग्रुपमध्ये मी, अनिरुद्ध आणि सर्जेराव. अनिरुद्धचा आवाज नववीतच फुटून मोकळा झालेला. ‘प्रेझेंट सर’ म्हणाला तरी वाटायचं भाषण सुरू झालं. इंग्रजीच्या नावानं आनंद, पण कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, कुठे खिडकीबाहेर बघायचं, हे सगळं त्याला जन्मजात. सर्जेराव कात्रजचा. तेव्हाचं कात्रज म्हणजे गाव, सर्पोद्यान-बिर्पोद्यान काही नाही. पीएमटीनं यायचा, आणि दप्तरात पुस्तकं कमी आणि फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा जास्त. शेंगा आणणं, सोलणं आणि वाटणं हे त्याचं ग्रुप वर्क. आणि मी? मी लिहायचो. बाकी कोण लिहिणार? डिक्शनरी मांडीवर, जीभ दातात, आमच्या गच्चीवर बसून पानंच्या पानं. आई खालून ओरडायची, ‘अभ्यास चाललाय की शेंगा?’ आम्ही तिघं एका सुरात ओरडायचो, ‘ग्रुप वर्क!’ मग थोड्या वेळानं उपीट यायचं वर. आणि भांडणं काय विचारता! ‘अ पोस्टमन’ या विषयावर लिहायचं, तर पोस्टमन सायकलवरून दाखवायचा की चालत, यावर एकदा संध्याकाळ गेली आमची. सर्जेराव म्हणाला, ‘आमच्याकडं चालत येतो, सायकल कशाला रं देतोस त्याला फुकट!’ बरोबर होतं त्याचं! पोस्टमन चालवला आम्ही.

आणि लिहून झालं, शाई वाळायचीये अजून, तेवढ्यात अनिरुद्ध भिंतीला टेकून हात वर करणार, ‘अंत्या, माझं नाव घाल!’ आणि तोंडात शेंगा असलेला सर्जेराव म्हणणार, ‘माझं बी घाल की रं!’

घातली! दोन वर्षं घातली! आणि दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, ‘नाऊ, हू विल स्पीक?’ की कोण उठणार? अनिरुद्ध! मी लिहिलेलं तो असं काही म्हणायचा, की मलाच वाटायचं, वा, कुणी लिहिलंय हे! मी खाली बसून नुसते ओठ हलवतोय... त्याचं वाक्य संपायच्या आधी माझं संपलेलं असायचं. आणि सर म्हणायचे, ‘एक्सलंट, अनिरुद्ध!’ एक्सलंट अनिरुद्ध! अहो, त्याला ‘नेव्हरदलेस’ म्हणजे काय ते आजही माहीत नाही! मी आत्ता फोन लावून दाखवतो!

आता तुम्ही विचाराल, मग तूच का नाही उठलास? उठलो की! एकदाच उठलो. दहावीत, अनिरुद्धला गालगुंड झालं. गाल हे असे! घरी झोपून होता बिचारा. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि मी आदल्या दिवशीपासून आरशासमोर उभा राहिलो. शर्टाला कडक इस्त्री. विषय ‘माय स्ट्रीट’. सर म्हणाले, ‘येस, अनंत? फाइव्ह मिनिट्स.’ मी उठलो. घसा साफ केला. ‘गुड मॉर्निंग सर, अँड माय डिअर...’ आणि दारात शिपाई! हातात नोटीस! कुणीतरी मोठे गृहस्थ वारले, शाळा सुटली! अख्खा वर्ग बाकांवरून उड्या मारत बाहेर, सर्जेरावसुद्धा, आणि मी एकटा उभा, ‘माय डिअर’ला अडकलेला. कोण वारले ते मला आजतागायत कळलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण पाच मिनिटं थांबता आलं नसतं? नंतर परीक्षा आल्या, सरांची बदली झाली, कॉलेजात ग्रुप वर्क कुणी ऐकलं नव्हतं, आणि पाटबंधारे खात्यात इंग्रजीत कशाला कोण बोलेल, तिथे लोक मराठीतही बोलत नाहीत, नुसती फाईल सरकवतात. राहिली ती राहिलीच पाच मिनिटं.

म्हणून मी क्लासला गेलो! आणि श्यामलाला काय सांगितलं? ‘ज्ञान वाढवायला चाललोय.’ ती म्हणाली, ‘सावकाश या.’

बरं, मुलं वाईट नाहीत हं. मुळीच नाहीत. गंधार इंजिनिअरिंगला आहे, डोळ्यावर कायम झोप, पण मी आलो की उठून खुर्ची देतो. सलोनी मोबाईलच्या दुकानात काम करते, गिऱ्हाइकांशी हिंदीत भांडून भांडून तिचा आत्मविश्वास असा, की मॅडमच तिला दबकून असतात. आणि पूर्वा. पूर्वा अकाउंट्स शिकते आणि बोलत नाही. म्हणजे नाहीच. हसते, मान हलवते, की झालं. क्लास सुरू होऊन दोन महिने झाले, मला तिचा आवाज माहीत नव्हता.

आणि शेवटी तो दिवस आला. चैताली मॅडमनी जाहीर केलं, बॅचच्या शेवटी कार्यक्रम, घरचे लोक येणार, बाहेरून परीक्षक येणार, प्रत्येक ग्रुपला पाच मिनिटं, ग्रुपमधून एकानं बोलायचं. पाच मिनिटं! मी खुर्चीत ताठ बसलो. विषय काय? विषय, टीमवर्क! आता बोला! माझ्यापेक्षा जास्त टीमवर्क कुणी सोसलंय? मी पेन काढलं, टोपण उघडलं, म्हटलं, ‘चला मुलांनो, कधी बसायचं?’ तर गंधारनं अंगठा दोनदा फिरवला आणि मोबाईल खाली ठेवला. ‘झालं काका.’

‘काय झालं?’

‘टीमवर्क.’

अहो, त्या मोबाईललाच सांगितलं त्यानं, लिही म्हणून! आणि लिहिलं त्यानं, एका मिनिटात, एक काना इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, ‘अरे पण आपण बसायला नको? बोलायला नको? भांडायला नको?’ सलोनी म्हणाली, ‘काका, भांडून काय करायचं, छान आलंय की. मी पाठ करते, मी बोलते. टाइम वाचतोय ना.’ वेळ वाचवून हे लोक करतात काय, हे मला एकदा कुणीतरी सांगा. आणि मजा ऐका, शेजारच्या ग्रुपचंही झालं होतं, त्यांनीही त्यालाच सांगितलेलं, सुरुवात दोघांची एकच! ‘टुगेदर वुई कॅन अचीव्ह मोअर!’ टुगेदर म्हणे! एकमेकांचं तोंड बघितलं नाहीये अजून!

मी घरी जाऊन दोन पानं लिहिली. पेनानं. फोटो काढून ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले. लगेच! दोन पानं वाचायला वेळ लागतो की नाही? मी शब्दकोश घेऊन अख्खी दुपार घातली, आणि यांनी अंगठा दाखवला! मग धीर करून मी लिहिलं, ‘कार्यक्रमात मी बोललो तर चालेल का?’ मग गंधारचा मेसेज, ‘काका, स्टेजला पायऱ्या आहेत खूप. उगाच त्रास नको. तुम्ही फक्त बसा आरामात. तुमचं नाव घातलंय.’

मी तो मेसेज श्यामलाला वाचून दाखवला. आवाज चढला माझा, खोटं कशाला बोलू, ‘मला नाव नकोय! मी भीक मागितलीये का नावाची? मला काम पाहिजे!’ ती पीठ मळत होती. मळता मळता म्हणाली, ‘अहो, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी, अनिरुद्धनं काम केलं नाही आणि नाव लावलं, सर्जेरावनं शेंगा खाल्ल्या आणि नाव लावलं. आता तुम्हाला न करता नाव मिळतंय तर तेही नको. तुम्हाला पाहिजे तरी काय?’ आणि मी म्हटलं... कसं म्हटलं कोण जाणे, पण खरं ते बाहेर पडलं. मी म्हटलं, ‘श्यामला, मला एकदा उभं राहायचंय गं. कुणीतरी ऐकलं पाहिजे.’ तिनं माझ्याकडे बघितलं. पिठाचे हात तसेच. मग म्हणाली, ‘रविवारी बोलवा त्यांना घरी. थालीपीठं लावते.’

मी ग्रुपवर लिहिलं, ‘रविवारी थालीपीठ.’ मीटिंग म्हटलं असतं तर कुणाचं सबमिशन, कुणाचा स्टॉक, कुणाची मावशी. थालीपीठ म्हटल्यावर तिघं वेळेच्या आधी दारात! बसले. बसल्या बसल्या मोबाईल काढले. तेवढ्यात ही आतून परात घेऊन आली, रिकामी परात, आणि तिघांसमोर धरली. ‘यात ठेवा. लोण्याचे हात मोबाईलला लावलेले आमच्याकडे चालत नाहीत.’ गंधार म्हणाला, ‘काकू, फक्त दोन मिनिटं...’ ही म्हणाली, ‘मग थालीपीठ दोन मिनिटांनी.’ परात भरली! तीन मोबाईल घेऊन ही आत गेली, आणि बाहेर जी शांतता पसरली म्हणता... गंधार तर हाताचं काय करावं ते न कळून स्वतःचे गुडघे चोळत बसला.

आणि त्या शांततेत, तुम्हाला सांगतो, पूर्वा बोलली! पहिल्यांदा! म्हणाली, ‘काका, मला हे टीमवर्कचं पटत नाही.’ आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय. ती म्हणाली, ‘आमच्याकडे जयंतीला बाबा आदल्या दिवसापासून पाण्याच्या स्टॉलवर उभे असतात. पाय सुजतात त्यांचे. आणि फ्लेक्सवर फोटो कुणाचे, तर जे मिरवणुकीत फक्त पुढे चालतात त्यांचे. बाबांचं नाव कधीच नसतं. मी विचारलं तर म्हणतात, लोक पाणी पिऊन गेले ना, झालं.’ सलोनी एकदम उसळली, ‘आमच्या दुकानात तेच! सेल मी करते, नाव मालकाच्या भाच्याचं!’ गंधार म्हणाला, ‘आमच्या प्रोजेक्टला चौघं आहेत, तिघं कधी...’ आणि तिथेच थांबला. कारण त्या तिघांमध्ये तोही होता! सलोनीनं त्याला असं धरलं, असं धरलं, मराठीतनं, हिंदीतनं, मध्येच इंग्रजीतनं, तोही इंग्रजीतनं उत्तर द्यायला लागला, मोडकंतोडकं, पण स्वतःचं! थुंकी उडेपर्यंत! खालच्या मजल्यावरचे देशमुख वर येऊन विचारून गेले, ‘सगळं ठीक आहे ना?’ मी म्हटलं, ‘इंग्रजी चाललंय.’

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना सगळं सांगितलं. मेहेंदळे सर, शेंगा, गालगुंड, इस्त्रीचा शर्ट, दारातला शिपाई. आधी हसले. मग हसायचे थांबले. सलोनीनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘काका, मग तुम्हीच बोला ना. मी काय, रोजच बोलते.’ पूर्वानं मान हलवली. आणि गंधार, बोटं चाटत, अगदी सहज म्हणाला, ‘हो काका, तुम्हीच बोला. माझं तेवढं नाव घाला.’

माझं नाव घाल! किती वर्षांनी ऐकलं हो! आमची गच्ची आठवली मला, उपीट आठवलं, ते सगळं आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. मी ताटातल्या ठेच्याचं नाव पुढे केलं.

मग काय! रोज आरशासमोर. श्यामला म्हणायची, ‘आरशाला पाठ झालं असेल आता.’ कार्यक्रमाला मी अनिरुद्धला आणि सर्जेरावलाही बोलावलं. मुद्दाम! म्हटलं, या, बसा खाली, आणि हलवा ओठ! अनिरुद्ध हल्ली वारज्याला असतो, विमा कंपनीतून रिटायर झालाय. ब्लेझर घालून आला, आणि आल्या आल्या खांद्यावर हात, ‘अंत्या, घाबरला असशील तर सांग, मी बोलतो. विषय काय आहे?’ विषय माहीत नाही आणि बोलतो! सर्जेराव कात्रजहून नातवाच्या गाडीवर मागे बसून आला, हातात पिशवी. मी विचारलं, ‘काय आहे रे?’ म्हणाला, ‘काय आसंल?’ शेंगा!

आता इथे नीट ऐका हं. चैताली मॅडमनी सुरुवातीलाच माईकवरून सांगितलं, मागच्या बॅचला सर्टिफिकेटांवर नावं चुकली आणि लोक भांडले, म्हणून यंदा बोलणाऱ्यानं स्टेजवर आधी ग्रुपची सगळी नावं स्पष्ट सांगायची, परीक्षकबाई ऐकून तिथल्या तिथे ग्रुपच्या सर्टिफिकेटावर लिहितील. ज्याचं नाव घेतलं जाईल त्याचंच येईल. दोनदा सांगितलं! मी मान हलवली. मला काय सांगताय नावं घालायचं! जन्म गेला माझा त्यात!

आमची पाळी आली. मी पायऱ्या चढलो, आणि गंधारला सांगा, चारच होत्या. माईकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेत श्यामला, नवी साडी. दाराकडे बघून घेतलं आधी... शिपाई नव्हता. म्हटलं, ‘गुड इव्हिनिंग, अँड माय डिअर फ्रेंड्स!’ आणि पुढे गेलो हो मी! ‘माय डिअर’च्या पुढे गेलो! मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, ‘आवर ग्रुप मेंबर्स. गंधार.’ आता नुसतं नाव घेऊन कसं चालेल? काय केलं ते नको सांगायला? एवढी वर्षं माझी तक्रार काय होती? सांगितलं, हा गंधार, यानं कबूल केलं की तो काम करत नाही, आणि मग केलं. लोक हसले. ही सलोनी, हिनं स्वतःची जागा मला दिली. टाळ्या! ही पूर्वा, आणि हिचे वडील, जे जयंतीला पाणी देतात आणि नाव सांगत नाहीत. पूर्वाचे बाबा मागे उभे होते, त्यांनी एकदम भिंतीकडे तोंड केलं. आणि मला सुचतंय हो! इंग्रजीत! न लिहिलेलं!

आणि तेवढ्यात माझी नजर दुसऱ्या रांगेत गेली. तिथे हे दोघं. अनिरुद्ध ब्लेझर सावरून बसलाय, सर्जेराव शेंग फोडायची थांबलाय, आणि दोघंही माझ्याकडे असे बघतायत... तीच नजर हो! गच्चीवरची! आता तुम्हीच सांगा, पुण्यात कार्यक्रमाला बोलावलेल्या माणसाचं नाव स्टेजवरून घ्यायचं राहिलं तर तो मरेपर्यंत विसरतो का? म्हटलं, ‘अँड अनिरुद्ध! अँड सर्जेराव! माय फर्स्ट ग्रुप!’ आणि सुटलो! पोस्टमन सांगितला, तो चालत का गेला ते सांगितलं, शेंगा सांगितल्या, आईचं उपीट सांगितलं, मेहेंदळे सर घाम पुसतायत ते सांगितलं... आणि खाली बघतो तर काय, अनिरुद्धचे ओठ हलतायत! खरंच सांगतो! त्याला ती गच्ची तोंडपाठ होती! मी बोलतोय आणि तो ओठ हलवतोय! बास, म्हटलं, मिळालं मला सगळं...

टिंग! घंटा! पाच मिनिटं संपली.

आणि टीमवर्क? टीमवर्क राहिलंच! तो शब्दसुद्धा उच्चारला नव्हता मी! आरशाला पाठ होतं सगळं, लोकांना एक वाक्य सांगितलं नाही. मी ‘थँक यू’ म्हणून खाली उतरलो, सलोनीला म्हटलं, ‘बुडवलं गं तुम्हाला.’ ती रडत होती, मला वाटलं रागानं.

पहिला नंबर आला आमचा! परीक्षकबाई म्हणाल्या, बाकी सगळे टीमवर्कवर बोलले, आणि एकच सुरुवात करून बोलले, या एका ग्रुपमध्ये मात्र माणसं होती. टाळ्या! श्यामला उभी राहिली हो टाळ्या वाजवायला, ती माझ्या रिटायरमेंटलाही बसून होती! बाईंनी सर्टिफिकेट हातात घेतलं आणि नावं वाचायला लागल्या, ‘गंधार, सलोनी, पूर्वा, अनिरुद्ध अँड सर्जेराव!’

मी वाट बघतोय. पुढे काही नाही. बाईंनी चष्मा काढला.

अहो, माझं नाव! माझं नाव मी घेतलंच नव्हतं! सर्टिफिकेटावर ओळी पाचच, पाची भरल्या, आणि मी खाली उभा. तोपर्यंत अनिरुद्ध उठला! ब्लेझरचं बटण लावलं, आणि गेला वर! क्लासची पायरी चढला नाही कधी, आणि सर्टिफिकेटाला मधोमध धरून फोटोला उभा! मागून सर्जेराव, ‘आमचं बी नाव हाय त्यात!’ आणि मुलांनी त्यांना जागा करून दिली. मी सावकाश चैताली मॅडमपाशी गेलो. आणि मी, जन्मात पहिल्यांदा, हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, ‘मॅडम... तेवढं माझं नाव घाला ना.’

मॅडमना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, ‘काका, यात आता जागाच नाही हो. पण थांबा, नाव घालतेच तुमचं.’ आणि घातलं की! पुढच्या बॅचला!

श्यामला वाटेत एकच म्हणाली, ‘मी ऐकलं हो सगळं.’ बास. आणि सर्टिफिकेट? ते वारज्याला, फ्रेम होऊन, अनिरुद्धच्या हॉलमध्ये. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण त्या दोघांना स्टेजची चटक लागली! त्यांनीही नाव घातलं, त्याच बॅचला, माझ्याच ग्रुपमध्ये! परवा पहिला तास झाला. चार खुर्च्या समोरासमोर, चौथी रिकामी, मॅडम म्हणाल्या, ‘डिस्कस!’ सर्जेरावनं फडकं सोडलं. अनिरुद्ध खुर्चीला टेकला, डोळे मिटून म्हणाला, ‘अंत्या, तू लिहायला घे. बोलायचं मी बघतो. आणि माझं नाव पहिलं घाल.’

काय करणार? घेतलं लिहायला.